उजव्या गिअरची बुलेट

जुनी बुलेट घ्यायची तर कोणत्या सालची घ्यावी, हे नांदेड जिल्ह्यात कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. दिवाळीच्या आधीपासून मी भेटेल त्याला विचारत होते. मेडिकलवाला एक साल सांगायचा, आमचे कंपाउंडर दुसरं. ज्याने ज्या वर्षी पहिल्यांदा बुलेट चालवली, ते त्याचं सर्वोत्तम साल, एवढंच मला त्यातून समजलं. शेवटी ठरवलं, आपणच जाऊन बघायचं. भोकरहून नांदेड, कंधार, जळकोट, उदगीर करत लातूरला पोचायचं, वाटेत तीन गाड्या बघायच्या, आणि त्यातली एक घ्यायचीच.

मला बुलेट का हवी, ते आधी सांगते. मी भोकर तालुक्यात गुरांची डॉक्टर आहे. गेल्या वर्षी एका वाडीवर खोड्यात उभ्या केलेल्या बैलाला औषध पाजत असताना खोड्याचं आडवं लाकूड मोडलं, बैल कलंडला आणि माझा डावा पाय त्याच्याखाली सापडला. बैल लाल कंधारी, स्वभावाने गरीब. त्याचा दोष नव्हता, लाकूड कुजकं होतं. घोट्याचा चुरा झाला. ऑपरेशन करून सांधा कायमचा जोडून टाकावा लागला. आता पाऊल काटकोनात पक्कं बसलं आहे. त्यावर उभं राहता येतं, चालता येतं, जोर देऊन दाबताही येतं. फक्त पंजा वर उचलता येत नाही आणि टाच-पंजा खालीवर होत नाही. आणि आपल्याकडच्या झाडून साऱ्या मोटारसायकलींचा गिअर डाव्या पायाला.

स्कूटर चालवून पाहिली. डांबरी रस्त्यावर छान चालते. पण काळ्या रानातल्या बैलगाडीच्या चाकोरीत तिची लहान चाकं गपकन बसतात, आणि मला बोलावणारी माणसं डांबरी रस्त्यावर राहत नाहीत. चारचाकी वस्तीपर्यंत जात नाही. दर खेपेला कुणाच्या तरी मागे बसून जायचं, तर गाय अडलेली असताना आधी तो माणूस शोधायचा. खात्यातल्या साहेबांनी समजुतीने सुचवलं, "मॅडम, नांदेडला बदली मागा. टेबलाचं काम आहे. पायाला आराम मिळेल." सगळेच माझ्या भल्याचं सांगत होते, म्हणून मला जास्त भीती वाटत होती. भल्याचं सांगणाऱ्यांपुढे माणूस लवकर हरतो.

मग एकदा जेवताना आमचे हे, मिलिंद, सहज म्हणाले, "पूर्वीच्या बुलेटला गिअर उजवीकडे असायचा. ब्रेक डावीकडे. माझ्या मामांची होती." माझा घास हातातच राहिला. उजवा पाय माझा धड आहे. आणि ब्रेक नुसता दाबायचा असतो. दुसऱ्या दिवशी हाडांच्या डॉक्टरांना जाऊन विचारलं. त्यांनी टेबलाच्या कडेला माझा डावा पाय टेकवून दाबायला लावलं, दोन-तीनदा बघितलं आणि म्हणाले, "चालवायला हरकत नाही. पडायला आहे."

माझी नणंद शालिनी, आमची शालू, लातूरला ज्युनियर कॉलेजात गणित शिकवते. दिवाळीला ती भोकरला आली होती आणि आपल्या छोट्या कारने परत निघाली होती. तिला हा बेत अजिबात पटला नव्हता. पण मी एसटीने एकटी निघते म्हटल्यावर ती म्हणाली, "बसा गाडीत, वहिनी. निदान तुम्ही नाद सोडाल तेव्हा मी जवळ तरी असेन."

नांदेड

नांदेडची गाडी एका निवृत्त प्राध्यापकांची होती. देशपांडे सर. बंगल्याच्या कडेला शेड, शेडमध्ये पांढऱ्या चादरीखाली गाडी. सरांनी आधी हात धुतले, पुसले, मग चादर काढली. साठच्या दशकातली बुलेट. त्यांच्या वडिलांनी घेतलेली. टाकीवरच्या सोनेरी रेघा हाताने ओढलेल्या, स्पोक न् स्पोक चकचकीत. मला गाड्यांमधलं फारसं कळत नव्हतं, पण देखणं जनावर ओळखू येतं.

"जितकी जुनी तितकी चांगली," सर म्हणाले. "हे लोखंड बघा. असं ओतकाम पुन्हा झालं नाही. पुढच्या गाड्या म्हणजे नुसती तडजोड."

त्यांनी मला बसू दिलं. गाडी मधल्या स्टँडवर होती, इंजिन बंद. मी उजवा पाय गिअरच्या दांडीखाली घातला आणि पंजा उचलला. खट्. पहिला गिअर वर, बाकीचे खाली, सरांनी सांगितलं. मी खाली दाबत गेले. खट्, खट्, खट्. वर्षभरात पहिल्यांदा पायाने सांगितलेलं एखाद्या यंत्राने ऐकलं होतं. माझ्या चेहऱ्यावर काय आलं कोण जाणे, शालू दुसरीकडे बघायला लागली.

"दिवा कसा आहे?" मी विचारलं. पहाटे अंधारातच आमची बोलावणी येतात.

सरांनी शेडचं दार ओढून अंधार केला, गाडी चालू करून दिवा लावला. पिवळसर उजेड समोरच्या भिंतीपर्यंत कसाबसा पोचला.

"सहा व्होल्टची वायरिंग," सर म्हणाले. "मूळची. मी बदलू दिली नाही."

"समईपेक्षा बरा आहे," शालू म्हणाली.

सरांना ते लागलं. मी घाईने विषय बदलला आणि गाडी द्यायची झाल्यास कधी देता येईल, असं विचारलं. सर माझ्याकडे बघतच राहिले. "द्यायची? छे! तुम्ही फोनवर म्हणालात, चांगलं साल कोणतं ते समजून घ्यायचंय. म्हणून बोलावलं."

सरांच्या पत्नींनी पोहे आणले होते. ते खाऊन आणि चादर पुन्हा नीट घातली जाईपर्यंत थांबून आम्ही निघालो. कारमध्ये बसल्यावर शालू इतकी हसली की तिला चावी लावता येईना. मला मात्र हसू आलं नाही. पायात अजून ती खटखट होती. जुनी तितकी चांगली हे माझ्यापुरतं खरं नव्हतं, एवढं ठरलं. बारा व्होल्टचा दिवा हवा. तो नव्वदच्या आगेमागे आला, असं सर जाता जाता नाक मुरडून म्हणाले होते. शोध तिथून पुढे सरकला.

कंधार

नांदेड सोडलं की कंधारपर्यंत रान उघडं होत जातं. सोयाबीन निघून गेलं होतं, तुरीला पिवळा फुलोरा होता आणि कापसाच्या ओळींत बायका ओणव्या होत्या. कंधारजवळ लाल गुरं दिसायला लागली. मी शालूला दोनदा गाडी थांबवायला लावली. मोडक्या पायाच्या कारणाने त्या जातीवर राग धरावा असं माझ्याच्याने होत नाही. गडद लाल अंग, लांब कान, कष्टाला वाघ.

इथली गाडी बालाजी नावाच्या गुत्तेदाराची, म्हणजे ठेकेदाराची होती, किल्ल्याच्या बाजूच्या त्याच्या सिमेंटच्या दुकानामागे उभी. ती बरीच अलीकडची, दोन हजारनंतरची. फोनवर मी गिअर उजवीकडे आहे का असं स्पष्ट विचारलं होतं आणि त्याने "हाव मॅडम, समदं हाय" म्हणून सांगितलं होतं. समोर गेले तर गिअर डावीकडे.

"ह्याला बटन हाय ना पण," बालाजी म्हणाला. "किकची झंझटच न्हाई. बटन दाबा अन् चला. लई भारी गाडी हाय मॅडम."

मी माझ्या पायाची अडचण सांगितली. त्याने खाली वाकून दांडी दाखवली. पुढे पंजासाठी, मागे टाचेसाठी, दोन्ही बाजूंनी दाबायची सोय. "पंजा उचलायचा कामच न्हाई. टाचंनं हाणा की."

त्याच्या बोलण्यात तथ्य होतं. मनातून मलाही ते खरं व्हायला हवं होतं, कारण बटणाने चालू होणारी गाडी कुणाला नको असते? मी बसले. बटण दाबलं, गाडी धडधडली. पुढे पंजाने दाबून पहिला गिअर टाकला आणि मागच्या मोकळ्या अंगणात निघाले. दुसऱ्या गिअरला टाच मागे न्यायची तर माझं पाऊल वळेना, अख्खा पाय मांडीपासून उचलावा लागला. पाय हवेत, गाडी मंद, समोर सिमेंटची थप्पी. मी ब्रेक मारला, गाडी डावीकडे कलली, आणि टेकवायला तिकडचा पाय जागेवर नव्हता. पडले. कोपर सोलवटलं आणि सलवारीला ग्रीस लागलं ते लागलंच.

बालाजी धावत आला. भला माणूस, गाडीकडे न बघता आधी माझ्याकडे बघितलं. पाणी दिलं. शेजारच्या मेकॅनिकलाही बोलावून घेतलं, सांधे जोडून गिअर उजवीकडे नेता येईल का विचारायला. मेकॅनिकने मान खाजवली. "करता येतंय. पर मधला सांधा रस्त्यात निसटला तर बाईनं काय करायचं? मी न्हाई करनार असलं काम."

त्याचं बरोबर होतं. आम्ही चहा घेऊन निघालो.

जळकोटच्या वाटेवर

जांबच्या पुढे एका हॉटेलात गरम सुशीला मिळाली. भिजवलेले मुरमुरे, वर शेंगदाण्याचं कूट आणि हिरवी मिरची. पुण्याकडची माणसं सुशीला नाव ऐकून हसतात, पण एकदा खाल्ली की दुसरी प्लेट मागतात. शालू खाता खाता बोटाने टेबलावर काहीतरी आखत होती.

"वहिनी, तुमच्या अटी बघा. गिअर उजवीकडे हवा, म्हणजे जुनी. बटणाने चालू व्हायला हवी, म्हणजे नवी. दोन्ही असलेली गाडी आपल्याला या भागात कुणी दाखवली? कुणीच नाही. ह्याला आम्ही रिक्त संच म्हणतो."

"बटणाची अट माझी नाहीच."

"मग चालू कशी करणार?"

"किक मारून."

तिने चमचा खाली ठेवला. बुलेटची किक उलटी बसते हे मराठवाड्यात लहान पोरालाही माहीत असतं. इंजिन चुकीच्या वेळी सापडलं तर किकची दांडी उसळून पायावर परत येते. माणसांच्या नडग्या फुटलेल्या आहेत.

"एक पाय गेला," शालू म्हणाली, "आता दुसरा घालवायचा?"

मी पैसे दिले आणि गाडीत जाऊन बसले. रस्ता चढ-उताराचा, माळावर खुरटी झुडपं, मधूनच खोलगट काळ्या जमिनीत हिरवागार हरभरा. मी बाहेर बघत होते आणि मनातल्या मनात उजवा पाय दाबून बघत होते.

उदगीर

तिसरी गाडी गफूरभाईंची. त्यांचा फोटो स्टुडिओ उदगीरच्या बाजारपेठेत आहे. मी दांडगा माणूस बघायला मिळेल असं धरून चालले होते. दारात आले ते अगदी किरकोळ, माझ्या खांद्याला लागतील एवढे, केसांना मेंदी, शर्टाची इस्त्री अशी की घडीने बोट कापावं. सगळी उमर या गाडीवर कॅमेरा लादून लग्नांचे फोटो काढत फिरले, उदगीरपासून देगलूर, बिदरपर्यंत. आता डोळ्याला नीट दिसत नाही, मुलं हैदराबादला आहेत आणि त्यांना बुलेट नको आहे.

गाडी स्टुडिओमागच्या अंगणात होती. काळी, सत्त्याण्णवची. रंग एकदोन ठिकाणी उडालेला, सीट फाटून शिवलेली. गिअर उजवीकडे. दिवा बारा व्होल्टचा. त्यांनी तो लावला तेव्हा भर दुपारी भिंतीवर गोल उमटला.

"सत्त्याण्णव सबसे अच्छा साल," गफूरभाई म्हणाले.

"का?"

"त्याच वर्षी माझं दुकान चाललं." आणि स्वतःच हसले. "खरं सांगू बाई? साल कोणतंही असू दे. तिला आजवर कोणी कसं ठेवलं ते बघा. माझी हाय म्हणून सांगून नाही राहिलो."

मी गाडीच्या भोवती फिरले, तेल गळतंय का पाहिलं, चाकं हलवून पाहिली. ही घ्यायची हे ठरलं होतं. मी तसं म्हणाले.

"थांबा," ते म्हणाले. "मागं एक पैलवान घेऊन गेला होता. आठवड्यात परत आणून टाकली. किक उलटी बसली अन् वर माझ्या गाडीला शिव्या. आता ज्याला पायजे त्यानं माझ्यासमोर तीनदा चालू करून दाखवायची. कोणी हात लावायचा नाही. मग न्या."

मी माझा पाय दाखवला. पायात पट्ट्यांचा बूट असतो माझ्या. त्यांनी तो नीट पाहिला, चुकचुकले नाहीत की अटही मागे घेतली नाही. "या पायावर खडं राहता येतं?"

"येतं. पण चवड्यावर उठता येत नाही."

"मलाही उठून पुरत नव्हतं," ते म्हणाले. "जमिनीवरून माझी किक अर्धीच बसायची. मग मी असं करायचो." त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर चढवली, डाव्या बाजूच्या पायटेकूवर डावा पाय ठेवून उभे राहिले, एखाद्या चौरंगावर उभं राहावं तसे, आणि उजव्या पायाने किक मारली. पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. धबधब धबधब असा तो आवाज अंगणाच्या भिंतींनी परत दिला.

मग त्यांनी समजावलं. किक आधी हळूच दाबत जायची. एका जागी ती घट्ट होते, पुढे जात नाही. तिथे डाव्या हाताची छोटी दांडी ओढायची, म्हणजे आतला कोंडलेला दाब सुटतो. आता दिव्याच्या वरच्या अँपमीटरचा काटा बघत किक आणखी बोटभर पुढे न्यायची. काटा मधोमध आला की हातातली दांडी सोडायची, पाय वर आणायचा, आणि मग एकच किक, पूर्ण खालपर्यंत. मध्ये थांबलं की मार बसतो.

मी चढले. काटा बघितला, दाबलं, मारली. काही नाही. पुन्हा. पुन्हा. घाम सुटला. गफूरभाई म्हणत होते, "जोर नको बाई, जोर नको," आणि मला जोर लावल्याशिवाय राहवत नव्हतं. मग एकदा मी काटा यायच्या आधीच मारली. दांडी उसळली आणि नडगीवर अशी बसली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी टाकीवर ओणवी झाले. ओरडले असेन, कारण आतून गफूरभाईंची बायको शमीमआपा धावत आल्या.

त्यांनी नडगीवर गरम हळद बांधली. हाड शाबूत होतं, ते मी स्वतः चाचपून पाहिलं. शालू म्हणाली, "झालं. चला आता."

"उद्या सकाळी येते," मी गफूरभाईंना म्हणाले.

"या," ते म्हणाले. "जोर घरी ठेवून या."

लॉजवर शालू खुर्चीत पाठमोरी बसून होती. तशीच बोलायला लागली. "तुम्ही ऑपरेशननंतर भुलीतून उठताना काय बोलत होत्या, तुम्हाला आठवत नाही. मला आठवतं. दादा खाली औषधं आणायला गेला होता, खोलीत मी एकटी होते. तुम्ही 'पाय कापू नका' म्हणून ओरडत होत्या, आणि मला तुमचे हात धरून ठेवावे लागले." तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. "मला ते पुन्हा बघायचं नाही, वहिनी. एवढंच आहे. गाडीशी माझं काही वैर नाही."

हे तिने वर्षभर मला सांगितलं नव्हतं. मी तिच्याजवळ जाऊन बसले. टेबलाच्या कामाला बसवलं म्हणून मी मरणार नाही, मी तिला म्हणाले, लोक बसतातच. पण माझ्या गावातून माणूस फोन करतो, म्हैस आडवी झाली म्हणतो, आणि मी त्याला दुसऱ्याचा नंबर देते, तेव्हा मला स्वतःचा आवाज ऐकवत नाही. "उद्या अजून एकदा मार बसला तर मी स्वतः म्हणेन चल. पण तू ठरवू नकोस."

माझा दुखरा पाय तिने उशीवर उचलून ठेवला.

उदगीर, दुसरा दिवस

शमीमआपांनी सकाळी खिचडी आणि खट्टा वाढला. मसुराची पिवळी खिचडी, तिळाचा आंबट खट्टा, कडेला पापड. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याची. इथे ती न्याहारीचा थाट आहे. "पोट भरून खा," त्या म्हणाल्या, "रिकाम्या पोटी गुस्सा येतो, अन् गुस्स्यात ती चालू होत नाही. मी पंचवीस वरसं ऐकून राहिले ना मागच्या अंगणात."

त्या दिवशी गफूरभाईंनी चावी काढून घेतली. "आज नुसतं शोधायचं." मी पायटेकूवर चढले आणि डोळे मिटून किक दाबत गेले. घट्ट जागा येई, मी थांबे, सोडे, पुन्हा शोधे. गाय गाभण आहे का ते बघताना आमचा हात खांद्यापर्यंत आत असतो, तिथे डोळ्यांचा उपयोग नसतो. बोटांना कळेपर्यंत थांबावं लागतं, घाई केली तर गाय आवळून धरते. मी पायाला तसंच सांगितलं. हळूहळू पायाला समजायला लागलं की कुठे इंजिन अडून बसतं आणि कुठे सैल होतं. नडगी ठणकत होती, पण ठणक्याची भीती कमी झाली.

"आता चावी घ्या," गफूरभाई म्हणाले.

पहिल्या किकला काही झालं नाही. दुसरीला एक फुसकारा. तिसऱ्या वेळी काटा मधोमध आला, मी पाय वर घेतला, आणि सगळं अंग सैल सोडून खाली गेले. गाडी चालू झाली. मला आधी कळलंच नाही. पायाखाली थरथर आली आणि मी तशीच पायटेकूवर उभी राहिले, हात हँडलवर, तोंड उघडं. शमीमआपांनी "माशाल्ला" म्हटलं. शालूने आपल्या ओढणीचं टोक तोंडावर धरलं होतं.

बंद करून पुन्हा. मग आणखी एकदा. त्यातली एक किक फुकट गेली, ती गफूरभाईंनी मोजली नाही.

चालवणं त्या मानाने सोपं गेलं. एक घोटाळा सोडून. जन्मभराची सवय म्हणून ब्रेकसाठी उजवा पायच खाली जायचा, आणि तिथे आता गिअर होता. गावाबाहेरच्या मैदानात एक म्हैस आडवी आली, मी उजवा पाय दाबला, तर गाडी थांबायच्या ऐवजी वरच्या गिअरात गेली. पुढचा ब्रेक हाताने आवळून म्हशीच्या शेपटीजवळ थांबले. म्हैस ढिम्म. मी दुपारपर्यंत त्या मैदानात नुसतं थांबण्याचा सराव केला. पायाला नवी घडी बसल्याशिवाय हमरस्त्याला लागायचं नाही, हे मी शालूला कबूल केलं होतं.

व्यवहार चहाच्या एका कपात झाला. कागद नावावर करायचं पुढे रीतसर उरकलं. निघताना गफूरभाईंनी टाकीवर एकदा हात फिरवला, मग आत निघून गेले. शमीमआपा म्हणाल्या, "जा बाई. बाहेर नाही येणार ते."

लातूर

उदगीर ते लातूर मी पुढे आणि शालूची कार मागे. हिवाळ्याचं उतरतं ऊन पाठीवर नव्हे, तोंडावर होतं. बुलेट वेगाने पळत नाही, ती रस्ता पायाखाली घालत नेते. रस्त्याकडेला देवणी गाई चरत होत्या, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके. एका धाब्यावर थांबून भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तिथल्या टेबलावरचे दोघे माझ्याकडे, मग गाडीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघत होते. शेवटी एकाने विचारलं, "तुमचीच का?" मी हो म्हणाले. तो शब्द बोलायला फार बरं वाटलं.

लातूर जवळ आलं तशी गर्दी वाढली. ट्रक, उसाच्या ट्रॉल्या, क्लासला निघालेल्या पोरापोरींचे थवे. एका मोठ्या चौकात सिग्नलला थांबले. हिरवा लागला, मी क्लच सोडला आणि गाडी एक धक्का देऊन बंद पडली.

मागे हॉर्न सुरू झाले. शालूची कार चार-पाच गाड्या मागे अडकली होती. इतरांसारखं बसल्या बसल्या किक मारणं मला जमणारं नव्हतं. उतरून गाडी मधल्या स्टँडवर चढवायची, पायटेकूवर उभं राहायचं, सगळं पहिल्यापासून. मी उतरले. स्टँडवर उजवा पाय दाबून गाडी मागे ओढली. पहिल्यांदा चढली नाही. हॉर्न वाढले. कुणीतरी ओरडलं, "ए बाई, बाजूला घे की!" एक धिप्पाड गृहस्थ स्कूटर लावून आलेच आणि त्यांनी सरळ माझ्या हँडलला हात घातला. "सरका मॅडम, मी मारतो किक. हे बायांचं काम न्हाई."

"हात लावू नका," मी म्हणाले. आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला.

तेवढ्यात वाहतूक पोलिसातली एक बाई गाड्यांमधून वाट काढत आली. तरुण, तोंडाला धुळीसाठी रुमाल बांधलेला. आता ही गाडी ढकलून बाजूला घ्यायला सांगणार, मी धरूनच चालले. तिने माझ्या पट्ट्यांच्या बुटाकडे बघितलं, अर्धवट चढलेल्या स्टँडकडे बघितलं. रुमाल खाली ओढला.

"होईल का ताई?"

"होईल. वेळ लागेल थोडा."

तिने मान हलवली. त्या गृहस्थांना बोटाने त्यांची स्कूटर दाखवली. मग माझ्याकडे पाठ केली, दोन्ही हात आडवे पसरले आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मागची सगळी रांग जागेवर थांबली. तिने मागे वळून बघितलं नाही.

मी स्टँड पुन्हा दाबला. या वेळी गाडी चढली. न्यूट्रल तपासला. पायटेकूवर चढले. हॉर्न वाजतच होते, पण ते तिच्या पलीकडे होते. किक दाबली, घट्ट जागा आली. दांडी ओढली, काटा बघितला, बोटभर पुढे. पाय वर घेतला आणि सोडून दिला.

काही नाही.

एकदा खोल श्वास घेतला. पुन्हा शोधलं. घाई केली नाही. काटा मधोमध आला, आणि मी गेले ती थेट खालपर्यंत.

धबधब, धबधब.

स्टँडवरून उतरवली, बसले, उजव्या पंजाने गिअर वर उचलला. आवाज ऐकून त्या पोलीसबाईने एक हात खाली घेतला आणि मला वाट दिली. दुसरा हात तसाच होता. तिने आधी मला सोडलं, मग बाकीच्यांना.